नमुन्याचा उंदीर

"लेझरच्या लाल ठिपक्याकडेसुद्धा ती ढुंकून बघत नाही," लिफ्टवाला म्हणाला आणि त्याने हेल्मेट काउंटरवरच्या उशीवर ठेवलं.

"इथे नको, दादा." पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या ताईंनी ते उचलून स्टुलावर ठेवलं. "ठिपक्यामागे किती धावायचं? पंज्यात काहीच येत नाही. मांजराला शेवटी काहीतरी हाती लागायला हवं."

दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कुठून कळणार? पिसांची काडी झाली, घुंगरांचा चेंडू झाला, मांजर आपली ढिम्म. परवा त्याने स्वतः चेंडूमागे रांगून दाखवलं, तर बाईसाहेब उठून दुसऱ्या खोलीत गेल्या.

"कुठून आणली?" ताईंनी विचारलं.

"कामावर सापडली. लिफ्टच्या खाली खड्डा असतो ना, त्यात अडकलेली. तेलाने अशी माखली होती की आंघोळ घातल्यावर कळलं, पांढरी आहे. त्या इमारतीत घरोघरी विचारलं. कुणाचीच नाही म्हणाले. आता नीट खात नाही. खिडकीत बसून रस्त्याकडे बघत राहते. आई म्हणते, ही कुणाची तरी वाट बघतेय."

ताईंनी एक रबरी हाडूक काढलं. "हे बघा, चावायला चांगलं आहे."

"कडक नको, ताई. तिचा वरचा एक सुळा तुटलाय."

ताईंनी हाडूक परत खोक्यात ठेवलं. झाकण काही लवकर बसेना.

"आईंना लळा लागलाय का तिचा?" त्यांनी खोक्याकडे बघतच विचारलं.

"लळा? अहो, वडील गेल्यापासून आई बोलायचीच बंद झाली होती. शिवणकाम तिचं, पण मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. ताट वाढायची आणि भिंतीकडे बघत बसायची. आता दिवसभर मांजरीशी गप्पा. माझ्या कागाळ्यासुद्धा तिलाच सांगते." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "ही राहिली नाही, तर आई पुन्हा तशीच होईल. मला त्याचीच भीती वाटते."

ताईंनी खोक्याचं झाकण दाबून बसवलं. मग त्यांनी अगदी खालचा खण उघडला आणि एक निळा कापडी उंदीर काढला. त्याची शेपटी अर्धी उसवली होती.

"हा न्या. नमुना म्हणून ठेवला होता, म्हणून जुना दिसतोय."

"किती द्यायचे?"

"नमुन्याचे कसले पैसे? तोंडासमोर नाचवू नका. पलंगाखालून शेपटी तेवढी हळूच सरकवा. आणि तिने पकडला की ओढून घेऊ नका, जिंकू द्या तिला. खाणं जरा कोमट करून घाला, म्हणजे खाईल."

"तुम्हाला बरं कळतं हो मांजरांचं."

"धंदाच आहे माझा," ताई म्हणाल्या आणि हेल्मेट त्याच्या हातात दिलं.

घरी येऊन तो पलंगाशेजारी पालथा पडला आणि त्याने शेपटी सरकवली. खिडकीतल्या मांजरीचा एक कान वळला. मग ती अशी झेपावली की आईच्या हातातली वाटी सांडली, आणि आई खळखळून हसली. ते हसू ऐकायला तो किती दिवस आसुसला होता. मांजरीने उंदीर लोळवला, उडवला, तोंडात धरून घरभर मिरवला. कोमट खाणं चाटूनपुसून खाल्लं. खिडकीकडे न जाता आईच्या मांडीवर चढली आणि उंदरावर मान टाकून झोपली.

"शेपटी तुटायला आलीय रे याची," आई म्हणाली. "मशीनच्या खणात सुई-दोरा आहे, दे बघू."

त्याने मशीनवरची चादर काढून बाजूला ठेवली. आईने चष्मा चढवला, उंदीर हलकेच ओढून घेतला आणि दिव्याखाली धरला.

"नमुना आहे म्हणाली ना ती दुकानवाली?"

"हो. का गं?"

आईने उंदीर त्याच्या हातात दिला. कापडभर दातांच्या खुणा होत्या, जुन्या, धुऊन विटलेल्या. आणि प्रत्येक चाव्यात, जिथे वरच्या दोन सुळ्यांची दोन भोकं असायला हवी होती, तिथे एकच होतं.