पहिल्या क्रमांकाचं गाणं

नव्वदच्या दशकातल्या पॉप गायिका नीलिमा टिपणीस यांचं नवं गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. सत्तरीच्या नीलिमाताईंनी ते गायलं नव्हतं. त्यांच्या जुन्या कॅसेटांवरून आवाज शिकलेलं यंत्र आता त्यांच्या नावाने गात होतं.

या यशाबद्दल गाण्याच्या कंपनीने ठेवलेल्या सत्काराला दोन ओळी म्हणायच्या, म्हणून लेक मुक्ता त्यांच्याकडून गाणं बसवून घेत होती. यंत्राबरोबर गाताना ताईंना पहिल्याच कडव्यात धाप लागली.

“आई, पुन्हा बघू या?”

“नको गं. ही यंत्रातली कुठेच श्वास घेत नाही.”

“मग कंपनीला काय कळवू?”

“येते म्हणावं. समोर बसून ऐकेन.”

मुक्ता गाणं बंद करू लागली, तशी ताईंनी तिचा हात धरला.

“असू दे. तरुण आहे, गाऊ दे तिला.”