पाहुणा गेल्यावर

कडूबाईंनी मुलाच्या हातातला झाडू ओढून घेतला. सगुणाआत्या नुकतीच निघाली होती, अंगणात शेंगांची टरफलं पडली होती म्हणून राधाकिसन झाडायला लागला, एवढाच त्याचा गुन्हा.

"वन्सं अजून स्टँडवर बी पोचल्या न्हाईत, अन् तू मागं झाडून राह्यला? जीपमदी बसू दे त्यांना. मंग झाड."

राधाकिसन लॅपटॉपकडे परतला. नाहीतरी सकाळपासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जालन्याचे बियाणे व्यापारी साहेबराव यांना त्यांची वेबसाइट आजच चालवून दाखवायची होती. चालली तर त्यांच्याकडेच नोकरी पक्की, आष्टीहून, म्हणजे घरूनच, रोज जाऊन-येऊन करता येणार होतं. नाहीतर पुणं होतंच. तिथून तो दोन दिवसांसाठी यायचा, खाऊन-पिऊन निघायचा, आणि त्याची बस फाट्यापलीकडे गेल्याशिवाय कडूबाई झाडूला हात लावत नसत.

साइटचं काम तसं साधं होतं. शेतकऱ्याने प्रश्न विचारला की साइटचा सांगाडा असलेलं फ्रेमवर्क तो कापसाच्या नाहीतर मिरचीच्या विभागाकडे धाडायचं. तिथे त्या प्रश्नापुरता एक कंपोनंट, म्हणजे तात्पुरता मदतनीस, तयार व्हायचा, उत्तर शोधायचा आणि काम झालं की त्याला मिटवायचं. प्रश्न बरोबर जागी जात होते. उत्तरही सापडत होतं. तरी शेतकऱ्यासमोर यायचं ते कोरं पान.

पडद्याकडे बघता बघता तो एकदम हसला. झाडण्याची घाई त्याने इथेही केली होती. उत्तर सापडताच कंपोनंट मिटवला होता. ते पानावर उमटून विचारणाऱ्यापर्यंत पोचायचं अजून बाकीच होतं. त्याने मिटवण्याची ओळ उचलून अगदी शेवटी नेली. आधी पान पोचू दे, मग आवराआवर.

साहेबरावांनी जालन्यात बसून मिरचीचा प्रश्न टाकला आणि उत्तर आलं. उद्यापासूनच या, ते फोनवर म्हणाले. कडूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत उगाचच भांडी वाजवत राहिल्या. खूश होत्या बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकिसन डबा घेऊन निघाला. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच मागे खर्र खर्र ऐकू आलं. कडूबाई अंगण झाडत होत्या.

"माय, मला स्टँडवर तरी पोचू दे की."

कडूबाई वाकल्या तशाच झाडत राहिल्या.

"तू काय पाव्हणा हाय का आता?"