चुकलेल्या किकचा चषक

"आत जा," कोच माझ्याकडे बघून म्हणाला, तेव्हा माझ्या मागे कोण उभं आहे ते मी वळून पाहिलं.

मेलबर्नच्या आमच्या उपनगरातला हा हौशी क्लब अख्खा सीझन जिंकत आला होता आणि मी अख्खा सीझन बाकावर बसून होतो. आज अंतिम सामना होता. आमचा एक जण लंगडत बाहेर आला होता आणि गुण बरोबरीत होते.

शेवटच्या मिनिटाला तो लांबट चेंडू थेट माझ्या हातात येऊन पडला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मधल्या दोन उंच खांबांमधून किक मारली की सहा गुण मिळतात; बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेली तर एकच. मी उंच खांबांवर नजर रोखली आणि किक मारली. माझ्या बहुतेक निर्णयांसारखा चेंडू ऐनवेळी भलतीकडे वळला आणि बुटक्या खांबाच्या आतून गेला. भोंगा वाजला. आम्ही एका गुणाने विजेते झालो होतो.

संध्याकाळी चषक हातात धरून कॅप्टन सांगत होता, "दुसरा कुणी गोलच्या मोहात पडला असता. याने थंड डोक्याने खात्रीचा एक गुण घेतला."

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. मी मान खाली घातली.

शेजारी बसलेली माझी बायको मृणाल कानाशी पुटपुटली, "नेम चुकला ना रे?"

"हो."

"मग मान वर कर. लोकांना तो विनय वाटतोय."