भोंग्याचे हात

"हात खाली घ्या हो," मागच्या रांगेतला चष्मेवाला दुसऱ्यांदा म्हणाला, आणि भोंग्याचं टाळकं सटकलं.

भोंगा हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नाही. बसगाड्यांचे पत्रे ठोकण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस हळू कसा बोलणार? कारखान्यातल्या सोबत्यांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं. त्याच्या आवाजाचा ताप अख्ख्या गल्लीला होता. नव्हता फक्त बायकोला. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती लाँड्रीत रफूचं काम करायची, आणि तिनं बुजवलेलं भोक खुद्द कपड्याच्या मालकाला शोधून सापडायचं नाही.

तिच्यासाठी भोंगा साऱ्या जगाशी भांडायचा. पोस्टातला बाबू तिला सोडून याच्याशी बोलायला लागला, की हा काउंटरवर हात आपटायचा. "पार्सल तिचं आहे ना? मग तिच्याकडे बघून बोल." बाबू घाबरून बघायचा.

आणि कोण काय बोललं ते हातांनी तिला सांगायचाही. जमेल तेवढं. बोलणं लांबलं की पंजा आडवा धरून हलवायचा आणि एक बोट हवेत गोल फिरवायचा. काही विशेष नाही, नंतर सांगतो. भावाकडे जेवताना सगळे पोट धरून हसले. तिनं हनुवटी उडवून विचारलं, काय झालं? पंजा, बोट. डॉक्टर दहा मिनिटं बोलले, तेही तिच्याच गुडघ्याबद्दल. पंजा, बोट. नंतर त्याच्या लक्षात राहायचं नाही. एवढं सगळं कुणाच्या राहतं?

आजचा सिनेमा तिनं शोधला होता. लाँड्रीत कोट टाकायला आलेल्या एका बाईनं कागदावर लिहून दिलं होतं, यात बोलणं जवळजवळ नाहीच. तो कागद तिनं चार दिवस पाकिटात जपला. तिकिटंही तिनंच काढली. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिला एक सिनेमा अख्खा मिळणार होता.

पडद्यावर एक म्हातारा, एक गाढव आणि एक लाकडी पूल. म्हातारा गाढव विकायला निघाला. भोंग्यानं हात वर करून तिला सांगितलं, म्हातारा निघाला. पुलापाशी गाढव अडलं. भोंग्यानं सांगितलं, गाढव अडलं. तिनं त्याचे दोन्ही हात धरून खाली दाबले. ते परत वर आले. तेवढ्यात तो चष्मेवाला बोलला.

भोंगा उठून मागं वळला. "माझी बायको बहिरी आहे. तिला सांगायला नको?"

"सांगायचं काय आहे त्यात? पडद्यावर कुणी बोलतंय का?"

"म्हणजे तिनं थेटरात यायचंच नाही, असं म्हणणं आहे का तुझं?"

"त्यांना कोण काय म्हणतंय? त्या बसल्यात की नीट. तुम्ही बसा."

आता याला काय म्हणावं? डोळ्यांवर भिंगं लावून बसलेला माणूस, आणि एका बाईची अडचण दिसू नये? भोंगा तापला. आजूबाजूचे शुक शुक करायला लागले, तसा आणखी तापला. बॅटरीवाला आला, म्हणाला, "काका, जरा बाहेर चला." भोंगा बाहेर गेला तो थेट मॅनेजरच्या खोलीत. तिथं त्यानं माणुसकी या विषयावर असा काही आवाज लावला की टेबलावरचा चहा गार झाला.

"तिला काही कळूच नये, अशी इच्छा आहे का तुमची?" त्यानं शेवटी विचारलं.

मॅनेजरनं हात जोडले. "चुकलं आमचं. जा तुम्ही, बसा."

भोंगा छाती काढून परत आला. बायको होती तशीच बसली होती. एवढं रामायण झालं, पण तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

पडद्यावर गाढव पुलाच्या पलीकडे उभं होतं. म्हातारा अलीकडे अनवाणी बसला होता, आणि त्याचे जोडे गाढवाच्या गळ्यात लटकत होते. अख्खं थेटर रडता रडता हसत होतं. चष्मेवाला चष्मा काढून पुसत होता. बायकोनं दोन्ही गाल तळव्यांत धरले होते आणि तिचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

जोडे गाढवाच्या गळ्यात कसे आले? भोंग्यानं तिला कोपरानं ढोसलं, हनुवटी उडवली. काय झालं?

तिनं पाहिलं नाही.

त्यानं पुन्हा ढोसलं. सगळे परत हसले. सगळ्यांना कळलं होतं. भरल्या थेटरात एकट्या त्यालाच कळलं नव्हतं. त्याला राग आला. शेजारी जिवंत माणूस बसलाय, त्याला दोन हात हलवून सांगायला हिचं काय जातं? त्यानं तिचं मनगट धरून ओढलं.

तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. मोकळ्या हाताचा पंजा आडवा धरून हलवला, आणि एक बोट हवेत गोल फिरवलं.