हात लावण्याआधी

डॉक्टरांनी आत येऊन दार लोटून घेतलं, तेव्हाच त्याला कळलं.

"दोनदा तपासलं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा वेगळ्या डॉक्टरांनी. दोन्ही वेळा तेच आलं."

मुलगी रडायला लागली. तो बसडेपोत मेकॅनिक होता. बिघाड समोर आला की आधी विचारायचा, आता काय करता येईल? इथेही त्याने तेच विचारलं.

"आमच्याकडून काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "पण सर्जनसाहेबांना तुमच्याशी बोलायचंय. नको वाटलं तर सरळ नाही म्हणा."

सर्जननी आडवळण घेतलं नाही. खास वाढवलेल्या डुकराची किडनी होती. आजवर फक्त माकडांत बसवून पाहिलेली. बायकोच्या दोन्ही किडन्या साखरेने कधीच्या निकामी केल्या होत्या. त्या काढायच्या, ही बसवायची आणि आठवडाभर बघायचं.

"यात तुमच्या मिसेसचा काहीही फायदा नाही," ते म्हणाले. "झाला तर पुढच्यांचा. हे आधीच तोंडावर सांगतो."

"मग आईच कशाला?" मुलगी उसळली. "तिला विचारलंय का कुणी? बाबा, आपण तिला घरी नेऊ."

मेहुणा कोपऱ्यात उभा होता. "ताईला डुकराची किडनी!" तो म्हणाला. "ती मांजराला उंबरा ओलांडू देत नाही." आणि हसता हसता त्यालाच हुंदका आला.

बायको शिवणकाम करायची. तिच्या मशीनखालची चिंधीसुद्धा वाया जात नसे. पिशवीला, उशीला, कशाला तरी लागायचीच. मुलगी विचारत होती त्याचं उत्तर त्याला पाठ होतं.

"चालेल," तो म्हणाला. "पण एक अट आहे. माप घेताना टेप लावण्याआधी ती गिऱ्हाइकाला सांगते, 'खांद्याला हात लावते हं.' तान्हं मूल असलं तरी सांगते. तुम्हीही तिला हात लावण्याआधी तिला सांगायचं. प्रत्येकाने."

"पण त्यांना..." सर्जन बोलता बोलता थांबले. "सांगू. प्रत्येक जण सांगेल."

अशा प्रयोगांना परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीवरच्या एका बाईंनी बापलेकीला वेगवेगळं बोलावलं. कुणी दबाव आणला का? काही लपवलं का? "ऑपरेशननंतरही नाही म्हणता येईल. म्हणाल त्या क्षणी थांबवू."

"मला पटलेलं नाही," मुलगी म्हणाली. "पण बाबांना अडवणार नाही."

ऑपरेशनच्या टेबलाशी सर्जन स्वतः वाकले. "काकू, सुरुवात करतो हं."

दुपारी नर्स ओरडत बाहेर आली. "आली! लघवी आली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणा म्हणाला, "लघवीला टाळ्या पडताना जन्मात पहिल्यांदा बघतोय."

पलीकडच्या खोलीत डायलिसिसवर एक ट्रकवाला असायचा. किडनीची वाट बघता बघता त्याचा ट्रकही विकला गेला होता. तो दारातून हाक मारायचा, "काका, काकूंची किडनी काय म्हणते?"

"पळतेय. तुझ्या ट्रकपेक्षा ॲव्हरेज चांगलं देतेय."

"माझ्यासाठी एक बुक करून ठेवा मग!"

तिच्या तोंडात नळी होती, त्यामुळे बोलणं सगळं दुसऱ्यांचंच. "काकू, कूस बदलतो हं." "काकू, सुई टोचते हं." चादर बदलायला येणारी बाईसुद्धा सांगायची, "ताई, पाय उचलते हं, जरा गार लागेल."

मुलगी आधी दारातच उभी राहायची. एका सकाळी ती आत आली, पिशवीतून कंगवा काढला. "आई," ती म्हणाली, "केस विंचरते हं."

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मुदत संपली त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. "अजून पहिल्या दिवसासारखी चालतेय," सर्जन म्हणाले. "आता आम्ही वाट बघणाऱ्यांसाठी परवानगी मागू शकतो." टाळ्या थेट जिन्यापर्यंत ऐकू गेल्या. समितीच्या बाईही वाजवत होत्या. ट्रकवाला चाकाच्या खुर्चीतून आला. एरवी तोंड मिटत नसे त्याचं. त्याने नुसता मेकॅनिकचा हात धरला आणि सोडेना.

"बाबा," मुलगी म्हणाली, "बरोबर केलंत."

नर्स पलंगाजवळ गेली. "काकू, आता नळ्या काढते हं."

श्वासाचं मशीन बंद झालं. खोली एकदम शांत झाली.

"चला," मुलगी म्हणाली. "आता आईला घरी नेऊ."

गाडी दारात येऊन उभी होती. तो बायकोच्या कानाशी वाकला. "उचलतो हं," म्हणाला.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं, त्याआधीच तिचा मेंदू मेला होता; तिला जाऊन आठवडा झाला होता. अंत्यसंस्कार तेवढे राहिले होते.