मागच्या बाकावरचा हात

"सर्वांनी डोळे मिटा. ज्यांना प्रभूकडे परत यायचंय, त्यांनी फक्त हात वर करा," चर्चचे पाळक व्यासपीठावरून म्हणाले. श्रद्धा पुन्हा जागवणाऱ्या संजीवन सभेचा शेवटचा दिवस होता, पाहुणे बिशप पहिल्याच बाकावर बसलेले, आणि मंडळीतला एकही हात हलेना.

"दिसला! मागच्या बाकावरचा हात दिसला, प्रभूची स्तुती असो," पाळकांनी ठोकून दिलं. मिटल्या डोळ्यांना काय कळणार? त्या एका खोट्या हातामागून खरे हात भराभर वर आले.

सभा सुटल्यावर मागच्या बाकावरच्या दीनामावशी दारात डोळे पुसत थांबल्या होत्या. "पाळकसाहेब, नवरा गेल्यापासून मी प्रभूशी अबोला धरला होता. आज हात वर करायचा होता, पण हा आखडलेला खांदा! मांडीवरची बोटं तेवढी हलली. तीही तुम्हाला दिसली?"

होकार ओठांवर आला होता. तो गिळून पाळक म्हणाले, "नाही, मावशी. मला कुणाचाच हात दिसला नव्हता. खोटं बोललो मी."

डाव्या हाताने उजवं कोपर धरून, कण्हत, मावशींनी तो हात डोक्यापर्यंत उचलला.

"मग आता बघा."

पाळकांची मान मात्र वर होईना.