हुडक

"डावा कान चिरलेला हाय," धुळाप्पा म्हणाला. "कपाळावर पांढरा टिक्का. बाकी आंग काळं कुळकुळीत."

प्रतीक्षानं आधी जात लिहिली, उस्मानाबादी शेळी, मग बाकीचं जसंच्या तसं टाइप केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: काही सापडलं नाही.

"न्हाय घावत?" धुळाप्पानं विचारलं. त्याचा चेहरा काही फारसा पडला नाही. साधा माणूस, आतल्या आत गिळत असेल, असं तिला वाटलं.

धाराशिवच्या एसटी स्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर प्रतीक्षाची खोली होती. तिथं बसून तिनं रूबी या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक लायब्ररी लिहिली होती. ही लायब्ररी म्हणजे कॉम्प्युटरला कामाला लावणारे तयार तुकडे. पण हे तिच्या वडिलांना, रामलिंगरावांना, कोण समजावणार? त्यांनी सगळ्या पाहुण्यांत 'पोरीनं लायब्ररी काढली' असं सांगून टाकलं आणि दोघंतिघं पेपर वाचायला जिना चढून आलेही.

जनावरांच्या एका ऑनलाइन बाजाराचा सगळा कॅटलॉग कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर होता. त्यांच्या साइटवर जात आणि किंमत एवढंच शोधता यायचं. प्रतीक्षाची लायब्ररी त्या सर्व्हरला खुणा विचारायची, कान, शिंगं, टिक्का, आणि आपल्या बोलीत लिहिलेलंही समजून घ्यायची. तिचं नाव हुडक. 'चोरीला गेलेलं जनावर खुणेवरून हुडकून देऊ,' असं प्रतीक्षानं गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. अजून एक शेपूटही हाती लागलं नव्हतं.

"शेळ्या हुडकून पोट भरतंय व्हय?" रामलिंगराव रोज विचारायचे. दिवाळीपर्यंत एक तरी जनावर सापडलं तर ठीक, नाहीतर पुण्याची नोकरी धरायची, असं बापलेकीत ठरलं होतं. तिला पुण्याला अजिबात जायचं नव्हतं.

धुळाप्पाचा फोन वाजला. रिंगटोन म्हणून त्यानं संबळ लावला होता, तोही असा की खोलीत गोंधळ घातल्यासारखं झालं. त्यानं घाईनं फोन कट केला.

"घरात फार लाडकी असेल," प्रतीक्षा म्हणाली.

"नागूबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढविली. दोन दिस झालं, बाई भाकरीला शिवली न्हाय. तीच येणार हाय तुमच्याकडं. म्या म्हनलं, तिच्या आधी आपुन जाऊन बघावं."

प्रतीक्षाला भरून आलं. बायकोसाठी सास्तूरहून एवढ्या लांब धावत आलेला माणूस. तिला रामलिंगराव आठवले आणि हसूही आलं.

तिनं सर्व्हरकडं नेमका काय प्रश्न गेला ते उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. गेलं होतं: धाराशिवी शेळी.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं हुडकला शिकवून ठेवलं होतं की उस्मानाबाद दिसलं, की धाराशिव कर. हुडक पडलं आज्ञाधारक. त्यानं शेळीचंही बारसं उरकून टाकलं. आता ही नवी जात त्या सर्व्हरला कुठून माहीत असणार!

"गावाचं नाव बदललं काका, शेळीचं कुठं बदललंय?" ती म्हणाली. धुळाप्पाही हसला, जरा उशिरानं.

तिनं ती ओळ काढून टाकली आणि पुन्हा बटण दाबलं.

फोटो आला. काळी शेळी, कपाळावर टिक्का, चिरलेला कान. ठिकाण भूम. विकणारा अमरनाथ.

"हीच का?"

"हीच." धुळाप्पा फोटोकडं बघतच नव्हता, खालचा मजकूर बघत होता. "कशावरनं घावली?"

"कानावरून. टिक्क्याच्या शेळ्या पुष्कळ आहेत. पण विकणाऱ्यानं वर्णनात कान चिरलेला लिहिलंय ना, ते हुडकनं बरोबर धरलं."

"आन् त्यानं लिवलंच नसतं तर?"

"मग नसती सापडली. हुडक फोटो बघत नाही, लिहिलेलं वाचतं."

"असं व्हय."

"आता सरळ पोलिसांत जाऊ, काका. मी येते बरोबर."

"जाऊ की. आधी खाली जाऊन च्या घेतो. सकाळधरनं पोटात काय न्हाय." त्यानं दारात हात जोडले. "लई उपकार झालं, ताई. तुमी नसता तर मला कळलंच नसतं."

तो जिना उतरला तसा प्रतीक्षानं वडिलांना फोन लावला. "अप्पा, सापडली!"

"काय?"

"शेळी!"

"बरं झालं," रामलिंगराव म्हणाले. "मग राहा इथंच." एवढं कौतुक तिला वर्षभर पुरलं असतं.

पोलिसांना दाखवायला छापील कागद हवा म्हणून तिनं पुन्हा बटण दाबलं. काही सापडलं नाही.

आता आणखी काय? तिनं सर्व्हरकडं गेलेला प्रश्न तपासला. तो बरोबर होता. मग तिनं शेळीचं पान ताजं करून पाहिलं. शेळी जागेवर होती, टिक्का होता, भूम होतं. वर्णनातली कानाची ओळ तेवढी गेली होती.

चोराला कुणकुण लागली! तिचं डोकंच फिरलं. तिकडं नागूबाई उपाशी बसलीय, आणि हा अमरनाथ भूममध्ये आरामात बसून ओळी खोडतोय. पानाच्या तळाशी विकणाऱ्याचा नंबर होता. काय बोलायचं ते काहीही न ठरवता तिनं तो लावला.

रिंग गेली. खाली चहाच्या टपरीवर संबळ वाजू लागला.